एक तरी दुखावलेला माणूस दाखवा

आमच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर हुकूम सोडतो आणि बाकीचे मुकाट्याने ऐकतात. पहिल्याला 'मास्टर' म्हणतात, बाकीच्यांना 'स्लेव्ह'. हे शब्द कुणाला लागत असतील तर बदलावेत का, यावर आमच्या मीटिंगा चालू होत्या. मी विरोधी पक्षात. (तत्त्वासाठी नव्हे. बदलायचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं.) माझं म्हणणं एकच, नाव बदललं की सगळं बंद पडतं, आणि या शब्दाने दुखावलेला एक तरी माणूस दाखवा.

असा माणूस कुणाला सापडत नव्हता. दर वेळी चहा व्हायचा, विषय पुढे ढकलला जायचा आणि मी पिळून काढलेल्या फडक्यासारखा घरी यायचो.

अशाच एका संध्याकाळी सासूबाई राहायला आल्या. घरात वायफायचे दोन डबे आहेत. मुख्य माझ्या टेबलावर, आणि त्याचं ऐकणारा दुसरा आतल्या खोलीत. मी हौसेने त्यांची नावं 'मालक' आणि 'गुलाम' ठेवली होती. सासूबाईंनी मोबाइलवर दिसणारी ती दोन नावं पुढे धरून शांतपणे विचारलं, "जावईबापू, मी यातलं काय?"

दमलेला माणूस विचार करून बोलत नाही. मी म्हणालो, "तुम्ही गुलाम. मालक माझ्या खोलीत असतो."

सासूबाईंनी उघडलेली बॅग परत बंद केली. मग मी घाईघाईने म्हणालो, "आई, नुसतं नाव आहे हो, त्यात काय लागायचंय?" (हे वाक्य मीटिंगमध्ये बरं वाटायचं.) आई परत गेली तर तुम्ही जेवायला कुठे जाणार, एवढंच बायकोने विचारलं. मी लगेच नावं बदलायला धावलो, तर तिने हात धरला.

"नाव बदललं की सगळं बंद पडतं म्हणता ना? राहू द्या नावं. डबे बदला."

मालक सासूबाईंच्या उशाशी गेला. गुलाम माझ्या टेबलावर आला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग घरूनच होती. माझा स्क्रीन सगळ्यांसमोर, आणि मी 'एक तरी दुखावलेला माणूस' पर्यंत पोचलो तोच आवाज तुटायला लागला. आमच्या साहेबीणबाई म्हणाल्या, नेट कशाला जोडलंय ते बघा. मी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, 'गुलाम'.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा तृप्त आवाज आला, "मालक अगदी झकास चालतोय हो."

"सापडला माणूस," साहेबीणबाई हळूच म्हणाल्या. ठराव एकमताने पास झाला. विरोधी मत माझंच होतं, पण ते दबावाखाली दिलं असणार असं सगळ्यांनी समजून घेतलं.

आता ऑफिसातली सगळी नावं मीच बदलतोय, रात्रंदिवस, तुटक्या नेटवर. घरचं एक नाव बदलू का, असं परवा भीतभीत विचारलं. बायको म्हणाली, आईला विचारा. आईंनी मुक्काम वाढवलाय.