मागच्या फळीवरचं वजन

मावशीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसला, तेव्हा तिचा भाचा आंघोळीला गेला होता. बाहेर येऊन पाहतो तर काय, तिच्या तरुणपणापासूनच्या त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला दोन लोखंडी हात फुटलेले, आणि हातांत भली मोठी बकेट!

"मावशी, अगं त्याला चालवत नाही नीट, आणि तू त्याला ओझं उचलायला लावतेस?"

"मलाही नीट चालवत नाही. मला विकतोस का?"

भाच्याने नवा ट्रॅक्टर ठरवला होता आणि जुना न्यायला आज भंगारवाला यायचा होता. दुपारपर्यंत अंगणातला खताचा ढीग या ट्रॅक्टरने शेतात नेऊन टाकला तर तो राहील, नाहीतर भंगारात, असं मावशी-भाच्यात बोलणं झालं होतं. मावशीचा त्या ट्रॅक्टरवर जीव होता. सगळं शेत तिने त्याच्याच जोरावर उभं केलं होतं, आणि हे सांगताना ती कोणाच्या बापाला भीत नसे.

तिने बकेट ढिगात घुसवली आणि दांडा ओढला. बकेट जागची हलली नाही. उचलला गेला तो ट्रॅक्टर! मागची चाकं हवेत गेली, आणि मावशी स्टिअरिंगला लटकून खताकडे बघत राहिली.

"मागे वजन लावायचं राहिलं," लोडर बसवून देणारा वेल्डर हळूच म्हणाला.

"आता आठवलं?"

"नंतर बघू म्हटलं होतं ना मी."

"मग आता तूच बस!"

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन दांड्यांवर फळी बांधली गेली. वेल्डर बसला. अंगाने काडी, त्याचा काय उपयोग? चाकं पुन्हा वर. भाचा पोट धरून हसत होता. मावशीची नजर त्या पोटावर गेली.

"बस."

"मी? मी तर तुझ्या विरुद्ध आहे!"

"विरोधाचं वजन नसतं का? बस म्हणते ना."

लहानपणापासून त्या आवाजापुढे त्याचं काही चाललं नव्हतं. तो बसला. तरीही चाकं नाचतच होती. तेवढ्यात भंगारवाला आला, चांगला दारात मावणार नाही असा.

"या! ट्रॅक्टर हवाय ना? ढिगात अडकलाय. जरा मागे बसा, बाहेर काढते."

तो बिचारा बसला. चाकं जमिनीला टेकली, बकेट वर गेली आणि मावशीने गिअर टाकला.

"अहो मावशी, मला उतरू द्या!"

"खुशाल उतरा. मागची चाकं उचलली जातील, आणि ब्रेक मागच्याच चाकांना आहेत. पुढे उतार आहे."

तिघांनीही एकमेकांना घट्ट मिठी मारली.

बकेटच्या भाराने स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की ट्रॅक्टर अंगणात वळेना. मग मावशी सरळ फाटकातून रस्त्यावर निघाली, दुकानांपुढून मोठा वळसा घेऊन शेतात शिरली. न्हाव्याने अर्धवट दाढी सोडून बाहेर डोकावलं.

"कुठे निघालात सगळे?"

"खत टाकायला!" भंगारवाला ओरडला. त्याला मजा यायला लागली होती.

प्रत्येक खेपेला तोच वळसा. पुढच्या खेपांना लोक खुर्च्या टाकून बसले. भाच्याने तोंडावर रुमाल बांधला, पण पोटावरून त्याला सगळ्यांनी ओळखलं. दुपार व्हायच्या आत अंगण मोकळं झालं.

भंगारवाला खाली उतरून कपडे झटकू लागला. "साहेब, काम करणारं जनावर मी कापायला नेत नाही. माझाही एक धर्म आहे."

भाचा बराच वेळ ट्रॅक्टरभोवती फिरला. लोडरच्या हाताला हात लावून पाहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "मावशी, उद्या गोठ्यामागची माती हलवायची आहे. मी चालवू?"

मावशीने किल्ली काढून कमरेला खोचली.

"चालवणार कोण, ते ठरलंय. मागे कोणाकोणाला बसवायचं, तेवढं तू बघ."