अजमतबीची तिसरी कुंची

बाळाला एक कुंची घ्यायची, एवढंच ठरवलं होतं. त्यावरून माझी गावभर शोभा झाली.

आमचे हे मोजणी खात्यात. महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. नव्या गावात ओळख कुणाची नाही. घरात मी, पाच महिन्यांचं लेकरू आणि त्याला दृष्ट लागेल ही काळजी. (दृष्ट लावायला तरी कुणी घरी येईल तर ना!)

म्हणून कुंच्या शिवून विकणाऱ्या अजमतबीची हाक आली, तशी मी धावतच दार उघडलं. तिनं तीन कुंच्या मांडल्या. एक रेशमी, महाग. दुसरी लाल सुती, बेताची. तिसरी शेवाळी, वर जांभळा गोट, टोक एकीकडं कललेलं. किंमत मात्र लालइतकीच.

"बघा माय, निवांत बघा."

मी लईच निवांत बघितलं. पसंती झाली की ती उठणार, हे ठाऊक होतं. रेशमी उलटी केली, लाल उन्हात धरली, मधूनमधून आंबेजोगाईचं माहेर सांगितलं. (सातवी शिकले, हे दोनदा.) शेवटी ती गाठोडं बांधू लागली, तेव्हा मला सुचलं, लाल कुंचीत लेकरू गोड दिसेल. शेवाळीत त्याच्याकडं कोण बघतंय?

"ही द्या."

"ही?" अजमतबीचा हात थांबला. "लाल घ्या की, माय!"

"न्हाई, हीच."

चौथ्या दिवशी ती पुन्हा दारात. मला वाटलं, माझ्या ओढीनं आली.

"ती कुंची वापस द्या. बदल्यात लाल घ्या. सात साल झाले, ती बाजूला दिसली की बाया झटक्यात लाल उचलायच्या. आता रेशमी परवडत न्हाई, नि एकट्या लालवर मन बसत न्हाई. 'बघू' म्हणून निघून जातात."

म्हणजे ती विकायची नव्हतीच!

"मी न्हाई देणार. ती घातल्यापासून लेकरू शिंकलंसुदिक न्हाई."

अजमतबीनं लेकराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग लेकराला तीच घालून वेशीपाशी माझ्याजवळ बसत जा. मी तिथंच माल मांडते."

आता रोज तिथं बसते. कुणी कुंचीला हसतं, कुणी मला. घरी भिंती तेवढंही करत नव्हत्या. लाल कुंच्या भराभर जातात.

काल भिवराबाई आल्या, नातवासाठी. माझं लेकरू बघून दचकल्या.

"ही कुणी पसंत केली?"

"हिनंच," अजमतबी कौतुकानं म्हणाली. "सातवी शिकलीय!"

मी ताठ बसले. भिवराबाई धाकटीला यंदा शाळेत घालणार होत्या. लाल कुंची घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "शाळेचं बघू पुढल्या साली."