मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा अपंगत्वाचा भत्ता बंद झाला तो त्यांच्या स्वतःच्या शिवणकामामुळे. अर्थात कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या बायकोला, मास्तरीणबाईंना, एवढंच सांगितलं, की तपासनीस येऊन गेले, दोन्ही पाय शाबूत असल्याचा अहवाल दिला, म्हणून भत्ता थांबला. शिवाय गेलं वर्षभर जो दिला तो चुकून दिला असं ठरल्यामुळे तोही परत करावा लागणार होता.

“अहो, पण त्यांना उजवा पाय गुडघ्याखाली नाहीच. बसवलेला पाय आहे तो.”

“अहवालात तसं दिसत नाही,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

मास्तरीणबाईंना खरं तर तिथेच रडू यायला हवं होतं. दुकानाचं भाडं त्या भत्त्यातूनच जायचं, आणि दुकान सुटलं असतं तर हा माणूस घरात बसून महिन्याभरात खंगला असता. पण रडू येण्याआधी त्यांना राग आला, आणि तो कार्यालयावर नव्हे, नवऱ्यावर.

मास्तर शिंपी होते आणि पँट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. अपघातात पाय गेला, त्यानंतर भत्ता मंजूर व्हायला इतका उशीर झाला की तोवर ते नव्या पायावर नुसते चालायलाच नव्हे, जिने चढायलाही शिकले होते. मग त्यांनी स्वतःसाठी पँटी बेतल्या. उजव्या गुडघ्यापाशी आतून जाड अस्तर, पोटरीच्या जागी थोडी भर, आणि इस्त्रीची घडी अशी की चालताना कापड दोन्हीकडे सारखंच पडावं. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना तर पत्ताच लागत नसे. सकाळी ते बायकोच्या आधी उठत, दार लोटून घेत आणि पाय चढवूनच बाहेर येत. दवाखान्यातून आल्यापासून मास्तरीणबाईंनी तो पाय उघडा पाहिला नव्हता. त्यांना याचं वाईट वाटायचं, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, “तपासनीस दुकानात आला होता, हे मला सांगायचं नाही होय?”

“आला होता एक जण. चालायला त्रास होतो का म्हणाला. म्हटलं, नाही.”

“नाही का म्हणालात?”

“परक्या माणसापुढे काय रडगाणं गायचं? चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेलो.”

दारापर्यंत म्हणजे दुकानाच्या पायऱ्या उतरून. मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

फेरतपासणीची तारीख मिळेपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्यात भाडं थकलं आणि दुकानमालकाचं ‘कसं काय मास्तर’ हळूहळू नुसतं ‘काय मास्तर’वर आलं. शेवटी मास्तरीणबाईंनी नणंदेला बोलावून घेतलं. नणंदबाई शाळेत शिकवत आणि दरवर्षी मुलांचं नाटक बसवत, त्यामुळे कोणाकडून काहीही करून घेता येतं असा त्यांचा समज होता.

“दादा, तू फक्त थोडंसं लंगडायचं,” त्या म्हणाल्या. “खोटं काहीच नाही त्यात. आहे तेच जरा दाखवायचं.”

मास्तरांनी आढेवेढे घेतले, पण दोघींपुढे त्यांचं काही चाललं नाही. खोलीतलं टेबल भिंतीला लावून तालीम सुरू झाली. मास्तर दारापासून खिडकीपर्यंत लंगडत गेले आणि परत आले. नणंदबाईंनी शाबासकी दिली. मास्तरीणबाई मात्र नीट बघत होत्या. “अहो, तुम्ही डाव्या पायानं लंगडताय,” त्या म्हणाल्या.

झालं होतं असं, की न लंगडण्याची एवढी सवय मास्तरांनी उजव्या पायाला लावली होती की तो आता लंगडायला तयारच नव्हता. लंगडायचं म्हटलं की बिचारा डावाच पुढे होई. नणंदबाईंनी त्यांना हाताला धरून चालवलं, जमिनीवर खडूनं खुणा केल्या, एकदा आवाजही चढवला. शेवटी सवयीनं जमेल म्हणून तो विषय सोडला.

दुसरा उपाय मास्तरीणबाईंचा. त्यांनी बाजारातून एक तयार पँट आणली, ढगळ आणि कशीही शिवलेली. तिच्यात मास्तर अगदी केविलवाणे दिसत होते आणि त्या मनोमन खूश झाल्या. तपासणीच्या दिवशी सकाळी त्या आंघोळीला गेल्या, आणि परत येऊन बघतात तर पँट मास्तरांच्या अंगावर बेतल्यासारखी बसलेली.

“नुसती कडेनं आत घेतली,” मास्तर म्हणाले. “अशा पँटीत माणूस बाहेर पडतो का?”

बस चुकेल म्हणून भांडण तिथेच सोडावं लागलं.

तपासणीच्या खोलीत एक साहेब होते आणि कोपऱ्यात त्यांचा टंकलेखक. साहेब जे बोलत ते तो मान खाली घालून मशीनवर उतरवत होता. मास्तर दारातून आत आले आणि मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, कारण आल्या आल्या डावा पाय लंगडायला लागला होता.

“अर्जदार डाव्या पायानं लंगडतो,” साहेब म्हणाले. टंकलेखकानं उतरवलं. साहेबांनी समोरचे कागद चाळले. “इथे तर उजवा म्हटलंय. नक्की कोणता पाय?”

मास्तरीणबाईंनी उजवा म्हणून सांगितलं. साहेबांनी पँट वर करून दाखवायला सांगितली, तशी मास्तरांची मान खाली गेली.

“ते नाही जमायचं, साहेब,” ते हळूच म्हणाले.

साहेबांच्या चेहऱ्यावर आता उघड संशय आला. तेव्हा मास्तरीणबाईंचा धीर सुटला. “साहेब, ते मलासुद्धा दाखवत नाहीत हो,” त्या म्हणाल्या. “मी उठायच्या आत पाय चढवून बसतात. लोकांनी कीव करू नये म्हणून जिवाचं रान करून चालायला शिकले, आणि तुमच्या माणसानं लिहिलं की पाय शाबूत आहे. आता त्यांनी करायचं तरी काय?”

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी उजव्या बाजूची पँट वर ओढायला सुरुवात केली. ती अर्ध्या पोटरीवर येऊन अडकली. सकाळी इतकी आत घेतली होती की काही केल्या वर सरकेना.

“कात्री देऊ?” टंकलेखकानं विचारलं.

“कापड कापायचं नाही,” मास्तर दचकून म्हणाले. “ब्लेड असेल तर द्या. शिवण उसवतो.”

टंकलेखकानं पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड काढून दिलं. मास्तर मांडीवर वाकले आणि सकाळी आपणच घातलेला एकेक टाका उसवू लागले. साहेबांनी घाई केली तेव्हा घाईत कापड ओढलं जातं असं त्यांनी समजावलं. बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावू लागली. हळूहळू शिवण गुडघ्यापर्यंत उघडली आणि पाय दिसला, पट्टे, खिळे, सगळं. मास्तर मान वर करून बसले होते.

“उजवा पाय गुडघ्याखाली नाही,” साहेब म्हणाले. टंकलेखकानं तेही खाली उतरवलं. भत्ता पुन्हा चालू होईल आणि काही परत करावं लागणार नाही, असं साहेबांनी सांगितलं, आणि दारापर्यंत सोडायलाही आले.

बाहेर आल्यावर मास्तरीणबाईंनी पर्समधून सेफ्टी पिन काढली. मास्तरांनी पिनेकडे बघितलं आणि राहू दे म्हणाले. उसवलेली पँट फडफडवत ते बसथांब्यापर्यंत गेले. मास्तरीणबाई त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होत्या. त्यांना नवऱ्याचा फार अभिमान वाटत होता.

पुढच्या महिन्यात भत्ता आला तो दुप्पट. मागची थकबाकी असेल म्हणून दोघांनी आधी दुकानाचं थकलेलं भाडं चुकतं केलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही दुप्पटच आला. मास्तरीणबाई खिडकीवर गेल्या, तेव्हा बाईंनी अहवाल वाचून दाखवला: अर्जदाराचा उजवा पाय नाही आणि डाव्यानं लंगडतो, म्हणजे दोन्ही पायांचं अपंगत्व, दर जास्त.

“पण डावा पाय चांगला धडधाकट आहे हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“तसं अहवालात दिसत नाही,” बाई म्हणाल्या. डावा पाय दाखवायला पुन्हा तपासणीला यावं लागेल, आणि जास्तीचा भत्ता चुकून दिला असं ठरलं तर तो परत करावा लागेल, हेही त्यांनी सांगितलं.

हे घरी सांगायचं कसं, याचा विचार करत मास्तरीणबाई दुकानात शिरल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. फळीवरून एक चांगलं कापड काढून त्यांनी टेबलावर पसरलं आणि टेप बायकोच्या हातात दिली.

“हाफ पँट शिवतो,” ते म्हणाले. “दोन्ही पाय एकदम बघू देत त्यांना. घे माप.”

मास्तरीणबाई खाली बसल्या. इतक्या वर्षांत मास्तरांनी त्यांना कधी आपलं माप घेऊ दिलं नव्हतं. त्यांनी आधी डाव्या बाजूचं माप घेतलं, मग उजव्या गुडघ्यावर टेप धरली आणि विचारलं, “हा पाय थोडा लांब ठेवू या का?”

“कशाला?” मास्तर म्हणाले. “दोन्हीकडे सारखंच यायला हवं.”