वजन आहे, पण कोणाचं?

जे दिसत नाही त्याचंच वजन जास्त असतं, हे खगोलशास्त्राला अलीकडे कळलं. कचेऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक होतं.

एका वेधशाळेत कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणाऱ्या 'डार्क मॅटर'चा, विभाग होता. (खोली जिन्याखाली, द्रव्याच्या स्वभावाला शोभेल अशी.) तिथल्या संशोधकाला सगळे अंधारबुवा म्हणत. उभ्या हयातीत त्यांना कृष्णद्रव्याचा कणही सापडला नव्हता. इतका सातत्याचा निकाल कोणत्याच विभागाकडे नव्हता. तरी व्यवस्थापनाला त्या खोलीत सायकली ठेवायच्या होत्या. घरी बायकोने बजावलं होतं, की विभाग बंद पडला तरी दिवसभर घरात बसून माझ्या भांड्यांवर प्रयोग चालणार नाहीत. म्हणजे बुवांना विश्वात जायला दुसरी जागा नव्हती.

नवे व्यवस्थापक पाहणीला आले आणि शिरतानाच त्यांचं डोकं जिन्याला आपटलं.

"इथं आहे तरी काय?" ते खेकसले.

बुवा खरं तेच बोलले. "दिसायला काही नाही, साहेब. पण वजन प्रचंड आहे त्याचं."

"कोणाचं?"

"ते अजून कळलेलं नाही. अख्खी आकाशगंगा त्याच्या जोरावर टिकून आहे."

साहेबांचा आवाज खाली आला. ओळख फार वरपर्यंत आहे का, असं त्यांनी विचारलं. बुवांना ओळखीचा प्रश्न शास्त्रीय वाटला. ते म्हणाले, ओळख कोणाशीच नाही, पण वावर सगळीकडे आहे. या खोलीतही असेल. साहेबांनी कोटाचं बटण लावलं.

"लांबूनही हलवू शकतं?"

"लांबूनच तर हलवतं. मोठमोठे तारे हलतात हो, तिथं आपण कोण?"

साहेबांची बदली नुकतीच टळली होती. त्यांनी जास्त विचारलं नाही.

विभाग वरच्या मजल्यावर गेला. गालिचा आला, मदतनीस आले. बैठकीत 'त्यांच्यासाठी' एक खुर्ची रिकामी राहू लागली. तिने कशालाच हरकत न घेतल्यामुळे सगळे ठराव एकमताने होऊ लागले. बुवांना राहवेना. ते कोणी माणूस नाही, असं त्यांनी साहेबांना गाठून सांगितलं.

"समजलं," साहेब डोळा मिचकावून म्हणाले. "नाव घ्यायचं नाही."

वाचकांना हसू आलं असेल. येऊ द्या. पण परवा रांगेत "वरून सांगितलंय" एवढं ऐकून आपण मागे सरकलात, तेव्हा कोणी सांगितलं हे विचारलं नाहीत. आपल्याला कोणत्या बलाने हलवलं, यावर विभागात काम सुरू आहे. कृपया पुन्हा रांगेत उभं राहावं.