करंटरावांनी काढलेला पट्टा

गाडी सुरू करताना चिरकते, एवढंच निमित्त झालं. मेकॅनिक म्हणाला, "पट्टा झिजलाय. आठवडाभराने या, बदलून देतो." आठवडाभराने! वीज कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसाने एका पट्ट्यासाठी आठवडा थांबायचं? (ही बावीस वर्षं रजेचे अर्ज फायलीला लावण्यात गेली होती, पण गल्लीला ते ठाऊक नव्हतं. गल्ली त्यांना करंटराव म्हणायची आणि करंटराव गल्लीचं मन मोडत नसत.)

रविवारी त्यांनी बाह्या सरसावून बॉनेट उघडलं आणि तो पट्टाच काढून टाकला. गाडी सुरू केली. आवाज बंद.

"पण तो होता कशासाठी?" बायकोने विचारलं.

"चिरकण्यासाठी," करंटराव म्हणाले.

डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा मात्र लागला. बायको नर्स, त्यामुळे घरात चिकटपट्ट्यांना तोटा नव्हता. करंटरावांनी एक त्या दिव्यावर चिकटवली. काढलेल्या पट्ट्याने रद्दीचा गठ्ठा बांधला.

मंगळवारी बायकोची ड्रायव्हिंग टेस्ट होती. तिसरी. घरोघरी जाऊन पेशंट बघायची नवी नोकरी तिला मिळाली होती, पण बुधवारपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर ती दुसरीला जाणार होती. आधीच्या दोन्ही वेळा ती नापास झाली, ती तिच्या मते मागच्या सीटवरून आलेल्या सूचनांमुळे.

"या खेपेला तुम्ही मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं," तिने बजावलं. "आणि तोंड बंद."

"अगं, मी बोलतो तरी कुठे?"

सोमवारी संध्याकाळभर हेडलाइट लावून तिने सराव केला. मंगळवारी इन्स्पेक्टर शेजारी बसले. चढ झाला, वळण झालं, रिव्हर्स तर असा झाला की कुंपणाबाहेर करंटरावांची छाती फुगली. फक्त पार्किंग उरलं होतं, तेवढ्यात गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌.

"बॅटरी उतरलीय," इन्स्पेक्टर म्हणाले. "ती चार्ज का होत नव्हती?"

प्रश्न विजेचा होता. करंटराव कुंपण ओलांडून आत आले.

"साहेब, ते काम अल्टरनेटरचं. आत एक चुंबक, भोवती तांब्याच्या तारेची वेटोळी. चुंबक नुसतं बसून राहिलं तर काही होत नाही, ते फिरायला हवं. उत्तर टोक तारेसमोरून गेलं की करंट या दिशेला, दक्षिण टोक गेलं की उलट. आमच्या ऑफिसातली फाईल जशी, या टेबलावरून त्या टेबलावर आणि परत मागे. मग डायोड म्हणून एक शिपाई असतो, तो तिला एकाच दिशेने बॅटरीकडे पाठवतो."

"वा," इन्स्पेक्टर म्हणाले. "आणि त्या चुंबकाला फिरवतं कोण?"

"इंजिन. पट्ट्याने."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि करंटरावांना स्वतःलाच ऐकू आलं. इन्स्पेक्टरांनी बॉनेट उघडलं. पट्ट्याची चाकं होती, त्यांच्यावर काही नव्हतं.

"पट्टा कुठाय?"

"घरी. रद्दीला."

बायकोने नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं करंटरावांना वाटलं. तिची नोकरी आपण रद्दीत बांधून ठेवली, हे त्यांना आता कळलं.

मग तिने डोळे पुसले, पर्स उघडली आणि मुरगळलेल्या पायाला बांधतात तसलं क्रेप बँडेज काढलं.

"साहेब, दहा मिनिटं द्या."

"दहाच," इन्स्पेक्टर म्हणाले.

तिने बँडेज पिळून दोरी केली आणि चाकांवरून ताणून घेतली. "बोट ठेवा गाठीवर," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढंच करा." त्यांनी तेवढंच केलं. इन्स्पेक्टरांच्या जीपच्या बॅटरीला तारा जोडल्या, इंजिन धडधडलं, आणि पार्किंग एका दमात झालं.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाले. "बँडेज बांधलंत झकास."

परतताना ती चालवत होती, करंटराव शेजारी. सिग्नलला तिने डॅशबोर्डवरची चिकटपट्टी सोलली. खालचा लाल दिवा विझलेला होता.

"बघितलंस?" करंटरावांना राहवेना. "चुंबक आता फिरतंय, म्हणून तारेत—"

चिकटपट्टी चांगल्या कंपनीची असावी. घरापर्यंत त्यांच्या तोंडावरून हलली नाही.