बावन्न सेकंदांचा उकाडा

सात मजली मुख्य कार्यालयातल्या जुन्या लिफ्टला तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर पोचायला बावन्न सेकंद लागत, आणि हवेविषयीचं संभाषणही बरोबर बावन्न सेकंदांतच आटोपत असे. पहिल्या मजल्यावर एक साहेब "काय उकडतंय!" म्हणत. दुसऱ्यावर दुसरे साहेब "फारच!" म्हणत. चौथ्यावर "परवापर्यंत बरं होतं" आणि सहाव्यावर "आता दिवसच तसे आलेत" झालं, की सातव्यावर दोघं "चला" म्हणून सुटत. लिफ्टमनमामा स्टुलावर बसून बावीस वर्षं हेच ऐकत होते. त्यांचे कान किटले होते. थंडीत 'उकडतंय'च्या जागी 'गारठलंय' येई, एवढाच काय तो बदल.

मग नवी लिफ्ट आली. ती चौदा सेकंदांत वर जाई आणि बटणं ज्याची त्याने दाबायची होती. मामांच्या हातात पत्र पडलं: पद अतिरिक्त ठरल्याने महिनाअखेर सेवा समाप्त.

"अहो, पोरीचे दिवस भरत आलेत," बायको म्हणाली. "आजोबा म्हणून हात हलवत जाणार का तिच्याकडे?"

मामांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. कार्यालयाला मात्र नव्या लिफ्टच्या पहिल्याच दिवशी घाम फुटला. चौदा सेकंदांत बोलण्याची गाडी जेमतेम 'परवापर्यंत'वर येई आणि दार उघडे. बोलणं निम्म्यावर तोडणं काही सभ्यपणाचं नव्हतं, म्हणून साहेब दारात उभे राहून उरलेली वाक्यं पुरी करत. दार त्यांच्या खांद्यांवर आपटे, खाली रांग वाढे. आठवड्यात एकशे बारा लेटमार्क लागले. सगळ्यांनी कारण एकच लिहिलं: 'हवामानविषयक विधान अपूर्ण राहिल्याने.'

समिती नेमली गेली. तिच्या पहिल्या तीन बैठका सभागृहात किती कोंदट होतंय यावरच गेल्या. चौथ्या बैठकीला मामांना बोलावलं.

"मामा, ही बोलणी तुम्हाला पाठ असतील ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, झोपेतसुद्धा म्हणतो. बायको हलवून उठवते."

"दोन्ही बाजू? चौदा सेकंदांत जमेल?"

मामांनी एका दमात म्हणून दाखवलं, शेवटच्या 'चला'सकट. अकरा सेकंद लागले. समितीने टाळ्या वाजवल्या. 'हवामान संभाषण प्रतिनिधी' या पदावर मामांची सहा महिन्यांसाठी तात्पुरती नेमणूक झाली. एक जरी तक्रार आली, तरी घरी. त्या दिवसापासून मामा सर्वांच्या वतीने बोलत आणि साहेब लोक नुसत्या माना डोलवत. कुणाला तोंड उघडायची गरज उरली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मामा लिफ्टमध्ये शिरले तेच फुललेल्या चेहऱ्याने. लिफ्ट भरली, दार मिटलं, आणि काही कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला नात झाली!"

नऊ माना डोलल्या. दुसऱ्या मजल्यावर जुन्या सवयीने कुणीतरी "फारच!" म्हणालं. सातव्यावर सगळे उतरून गेले.

दुपारी मेमो हातात पडला: 'आपण कर्तव्यावर असताना हवामानाशी संबंध नसलेले विधान केल्याची तक्रार आहे. लेखी खुलासा करावा.'

मामा रडकुंडीला आले. बाळंतीण पोरगी, तान्ही नात आणि आता ही नोकरी. त्यांनी चार कागद लिहून फाडले. आनंद झाला म्हणून बोललो, हे कारण नियमांत कुठेच बसत नव्हतं. शेवटी पाचव्या कागदावर त्यांनी लिहिलं: 'उकाड्यामुळे चूक झाली.'

खुलासा तासाभरात मान्य झाला. खाली अध्यक्षांचा शेरा होता: 'खरं आहे. परवापर्यंत बरं होतं.' पुढे मामांना कायमही केलं.

नात आता दुडुदुडु धावते. तिचं नाव काय ठेवलं, हे त्या इमारतीत अजून कुणी विचारलेलं नाही. मामांना फार सांगायचं आहे. ते नाव ओठांवर घेऊनच ते रोज सकाळी "काय उकडतंय!" म्हणतात.

पण तुम्ही तरी कुठे विचारलंत? असो. तुमच्याकडे काय म्हणतोय उकाडा?