सावंतकाकांच्या आयरिश मुली

सावंतकाकांची आणि माझी ओळख कचऱ्याच्या डब्यांपाशी झाली. रेगेन्सबर्गला राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते आणि कुठल्या रंगाच्या डब्यात काय टाकायचं या विवंचनेत मी उभी होते. सत्तरीचे एक गृहस्थ आले. त्यांनी माझ्या हातातलं रिकामं खोकं घेतलं, दाबून सपाट केलं, निळ्या डब्यात टाकलं आणि "मराठी का?" असं विचारून खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एफ, आय, ए, डी, एच.

"वाच बघू."

मी वाचलं, "फियाध."

"सगळे असंच वाचतात," ते समाधानाने म्हणाले. "फीआ. शेवटची दोन अक्षरं नुसती बसलेली आहेत, त्यांच्याकडे बघायचं नाही. आयरिश मुलीचं नाव आहे हे. अर्थ, रानातली. हरिण असाही आहे."

एवढं झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं. मी अनघा म्हटल्यावर "तुझं सोपं आहे" असं म्हणून ते जिना चढून गेले. आमच्याच वरच्या मजल्यावर राहत होते.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. चाळीस वर्षांपूर्वी इथे मोटारींच्या कारखान्यात साचे बनवायच्या विभागात इंजिनिअर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. उषाकाकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी आयर्लंडमध्ये असते, एवढं गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगितलं. त्यामुळे नावांच्या छंदाचा उगम मी तिथेच लावून टाकला आणि पुढे चौकशी केली नाही.

छंद मात्र साधा नव्हता. निवृत्त माणसं तिकिटं जमवतात, ब्रेड भाजायला शिकतात. काकांनी फक्त मुलींची नावं घेतली होती आणि त्यातही ज्यांच्या अर्थात झाड, फूल, पाणी, प्राणी असं काहीतरी आहे अशीच. विद्यापीठात शिकणाऱ्या एका आयरिश मुलीला ते दर बुधवारी सोलकढी प्यायला बोलवत आणि तिच्याकडून उच्चार घोटून घेत. "आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी जर्मन सुरुवात करून ते म्हणायचे, "अक्षरांच्या नादी लागायचं नाही. अक्षरं आयरिश आहेत, ती आपल्याला फसवायलाच बसलेली आहेत." कारखान्यातल्या साच्याबद्दल बोलावं तसं ते नावाबद्दल बोलत. इथे एवढं दाबायचं, इथे एवढं सोडायचं.

गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यांचा भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा होता. जर्मनीत अशा बागांच्या वसाहती असतात, त्यांचे संघ असतात आणि कुंपणाच्या उंचीपासून भाजीच्या वाफ्यांपर्यंत सगळ्याचे नियम असतात. तिथे काकांनी प्रत्येक झाडाशी एकेक पाटी रोवली होती. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात 'ब्लॉनिद', म्हणजे छोटं फूल. कुंपणाच्या गुलाबापाशी 'रोशीन', म्हणजे छोटा गुलाब. पावसाचं पाणी साठवायच्या पिंपावर 'म्विरिन', समुद्रासारखी गोरी.

"पिंपावर कशी?" मी विचारलं.

"बव्हेरियात समुद्र कुठून आणू? आहे त्या पाण्यावर भागवायचं."

शेजारच्या बागेतल्या लेखनरबाईंना वाटलं, ही सगळी वाणांची नावं आहेत. त्यांनी ब्लॉनिदची दोन रोपं मागून नेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या वसाहतीत तीन बागांमध्ये ब्लॉनिद जातीच्या स्ट्रॉबेरी होत्या आणि बाई सगळ्यांना सांगत होत्या की हा आयरिश वाण थंडी छान सोसतो. रोपं काकांनी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून आणलेली होती. मी म्हटलं, "अहो काका, सांगा ना त्यांना." काका म्हणाले, "उच्चार बरोबर करतात ना? मग पुरे."

भांडण झालं ते फीआवरून. बागेचा मागचा कोपरा त्यांनी मुद्दाम रान म्हणून सोडला होता. कंबरेएवढं गवत, काटेरी झुडपं, मधोमध पाटी. संघाच्या अध्यक्षांचं पत्र आलं की कोपरा महिन्याभरात साफ करावा. काकांनी चार पानी उत्तर लिहिलं. शेवटी अध्यक्ष स्वतः पाहणीला आले तेव्हा काकांनी त्यांना आधी पाटी वाचायला लावली. भल्या माणसाने सात वेळा प्रयत्न केला. आठव्यांदा जमलं तेव्हा तो इतका खूश झाला की कुंपणाकडचं दोन हात गवत कापा, बाकी राहू द्या, असं सांगून गेला.

माझी मुलगी रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. काकांच्या बागेत तिला फार आवडायचं आणि ती नावं आमच्यापेक्षा पटकन उचलायची. एका शनिवारी काका वाल तोडता तोडता तिला म्हणाले, "तुला शाळेत काय म्हणतात गं?"

"रेफा," ती म्हणाली.

जर्मन माणूस एव्हा या नावाला एफा म्हणतो, तसं हे. मी हसून सांगितलं, "बाईंच्या तोंडात तसंच बसलंय. होईल हळूहळू."

काकांनी हातातली टोपली खाली ठेवली. "नाही होत. हळूहळू काही होत नाही. सोमवारी शाळेत जा आणि सांग."

मी बरं म्हटलं आणि अर्थातच गेले नाही. पहिलीतल्या मुलीच्या एका अक्षरासाठी बाईंना कुठे त्रास द्यायचा? बुधवारी रेवाला आणायला गेले तर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे वडील येऊन गेले. किती प्रेमळ आहेत. तुमच्या मुलीचं नाव मी इतके दिवस चुकीचं घेत होते, तुम्ही बोलला का नाहीत?" टेबलावर काकांच्या अक्षरातलं कार्ड होतं. रेवाचं नाव, उच्चार कसा करायचा ते, आणि खाली अर्थ: एक नदी. वर्गातून एक मुलगी ओरडत आली, "रेवा, तुझी आई आली." रेवा माझ्याकडे धावत आली ती रोजच्यापेक्षा जरा ताठ मानेने, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मला मात्र रागच आला होता. मी घरी येऊन तडक वर गेले. म्हटलं, "काका, तुम्ही मला न विचारता शाळेत गेलात."

"गेलो," ते म्हणाले. "चुकलंच. बस."

त्यांनी चहा टाकला. मग पाठमोरेच बोलायला लागले.

"माझी मुलगी जुई. नाव तिच्या आईने ठेवलं. वेंगुर्ल्याला आमच्या दारात वेल होता. इथे ज चा य होतो, बालवाडीत तिला युई म्हणायला लागले. मग कुणीतरी युली केलं. रोज घरी येऊन म्हणायची, पापा, जाऊन सांगा ना त्यांना. मी म्हणायचो, चालवून घे. आपण पाहुणे आहोत, लोकांच्या घरात आवाज करू नये. तेरा वर्षं शाळेत होती, अनघा. मी एकदाही गेलो नाही."

उषाकाकू गेल्या तेव्हा जुई दहावीत होती. पुढे तेविसाव्या वर्षी तिने जर्मन नागरिकत्व घेतलं. ते घेताना नाव जर्मन वळणाचं करून घ्यायची सोय असते. ती कार्यालयातून आली ती यूलिया होऊनच.

"मी तिला म्हटलं, आईने दिलेली एक गोष्ट तुझ्याजवळ होती, तीही टाकलीस. तर म्हणाली, ते नाव तुम्ही दोघांनीच वापरलंत. दाराबाहेर ते मला एक दिवससुद्धा मिळालं नाही." काकांनी चहा गाळला. "बरोबरच बोलली. पण मी तेव्हा ते कबूल केलं नाही. आता बारा वर्षं झाली. दिवाळीला, वाढदिवसाला फोन होतो. कशी आहेस, बरी आहे, हवा कशी, पाऊस आहे. मी तिला हाक मारत नाही. जुई म्हणायचा मला हक्क नाही आणि यूलिया माझ्या तोंडून निघत नाही."

मी कप टेबलावर नेले. एक त्यांच्यापुढे ठेवला.

"दोन वर्षांपूर्वी लग्न केलं तिने, तिकडच्याच मुलाशी. मी तेव्हापासून ही नावं शिकतोय. कधीतरी लागतील म्हणून. मुलगी होईल, तिचं नाव जुईसारखंच झाडाफुलांतलं असेल, असं आपलं मीच धरून चाललो. आता बाळ व्हायचंय. मुलगीच आहे. आयरिश नाव ठेवणार आहेत, काहीतरी निसर्गातलं, पण जन्माआधी सांगणार नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, पापा, तुम्हाला कळून काय उपयोग, तुम्ही चुकीचंच घेणार." ते जरा हसले. "म्हणून आता सगळीच शिकून ठेवतोय. कुठलं निघेल सांगता येत नाही."

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही बागेत होतो. रेवा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात होती, काका शिडीवर, मी शिडी धरून. त्यांचा फोन वाजला. संदेशात एक फोटो होता, टॉवेलात गुंडाळलेलं लालबुंद बाळ, आणि खाली नाव. काका उतरले, चष्मा पुसला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. आर, ई, आय, एल, टी, आय, एन.

"हे माझ्याकडे नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत न वाचलेला धडा आल्यासारखा झाला. "हे मी कधी पाहिलंच नाही."

तेवढ्यात व्हिडिओ फोन आला. पडद्यावर पस्तिशीची, केस विस्कटलेली, दमलेली बाई. काकांसारखंच कपाळ. मी बाजूला व्हायला लागले तर काकांनी माझी बाही धरून ठेवली.

"मिळालं का नाव?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"मिळालं." काकांनी घसा साफ केला. मग दोन वर्षांची सगळी विद्या पणाला लावून, मधलं अक्षर व्यवस्थित गिळून ते म्हणाले, "रेलीन."

"नाही पापा. रेल्टीन. यात काहीच गिळायचं नसतं. छोटी चांदणी."

"चांदणी," काका म्हणाले. "मी सगळं जमिनीवरच शोधत होतो." मग म्हणाले, "परत सांग."

"रेल्टीन."

"रेल्टीन. बरोबर? अजून एकदा सांग, मी चुकतोय. ट जरा जड होतोय का माझा?"

"थोडासा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा. पाचव्या की सहाव्या वेळी ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर," आणि तिचा आवाज बदलला होता. बाळ किंचित कुरकुरलं. तिने फोन त्याच्या तोंडाजवळ नेला. काका पडद्यावर वाकून ते एक नाव हळू हळू घेत राहिले. कौतुकाचा एक शब्द नाही, दुसरं काही नाही, नुसतं नाव.

बऱ्याच वेळाने फोन पुन्हा तिच्याकडे आला. निरोप घ्यायची वेळ झाली होती. काकांचे ओठ दोनदा हलले आणि बंद झाले. माझ्या बाहीवरची त्यांची पकड घट्ट झाली.

"यूलिया," ते म्हणाले, अगदी जर्मन माणसासारखं स्वच्छ. "यूलिया, तू बरी आहेस ना? जेवलीस का?"

ती तोंडावर हात ठेवून मान हलवत राहिली, हो की नाही ते मला कळलं नाही. काकांनी घाई केली नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर बसले, फोन दोन्ही हातांत धरला आणि वाट बघत राहिले.

मी रेवाला घेऊन फाटकाबाहेर गेले.